दागू, काउंटेस मारी
(३१ डिसेंबर १८०५–५ मार्च १८७६). फ्रेंच लेखिका व इतिहासकार. संगीतकार फ्रान्झ लिस्टसाठी १८३५ मध्ये पती व पॅरिसचे उमरावी वर्तुळ सोडणारी स्त्री, एवढीच तिची ओळख अनेकदा सांगितली जाते. ही ओळख अन्यायकारक आहे. ‘डॅनियल स्टर्न’ या पुरुषी टोपणनावाने तिने लिहिलेला १८४८ च्या क्रांतीचा इतिहास (१८५०–५३) हेच तिचे खरे कर्तृत्व. सरदारघराण्यातल्या बाईला कामगारांचे हाल काय कळणार, असा आक्षेप येऊ शकतो. पण तिने केवळ दिवाणखान्यातल्या ऐकीव गोष्टींवर विसंबून न राहता कागदपत्रे जमवली, प्रत्यक्ष सहभागींकडून हकिकती मिळवल्या आणि कामगारांचा प्रश्न क्रांतीच्या मुळाशी असल्याचे ठामपणे मांडले. कादंबरीकार फ्लोबेरने १८६९ च्या आपल्या कादंबरीत हीच क्रांती रंगवताना या ग्रंथाचा आधार घेतला.