हाताची स्मरणशक्ति

हातांत एकदां भिनलेली विद्या सुटत नाहीं, असें आपण म्हणतों. परंतु ती भिनावी कशी? एका बैठकीला किती वेळ द्यावा? हा प्रश्न टपालखात्यानें शास्त्रज्ञांपुढें ठेवला, हें ऐकून आपणांस गंमत वाटेल.

ब्रिटनमध्यें पत्त्याखालीं अक्षरें व अंक यांचा संकेत लिहिण्याची पद्धत आली. तो संकेत टाइपरायटरसारख्या कळा दाबून यंत्रास कळविणें आतां टपालवाल्यांच्या वांट्यास आलें. डोळ्यांनीं पत्ता वाचून खणांत पत्र टाकण्याची ज्यांना संवय, त्यांना हें शिकवावयाचें! अॅलन बॅडली व लाँगमन यांनीं शिकाऊ टपालवाल्यांचे चार गट केले. एकाला दिवसांतून एकदां एक तास, दुसऱ्याला एक तास दोनदां, तिसऱ्याला दोन तास एकदां, आणि चौथ्याला दोन तास दोनदां, म्हणजे रोज चार तास. निष्कर्ष १९७८ सालीं प्रसिद्ध झाले. रोज तासभर बसणाऱ्यांना कळा अवगत होण्यास एकंदर सुमारें ३५ तास लागले. चार तासवाल्यांना सुमारें ५०. कांहीं महिन्यांच्या खंडानंतर पाहिलें, तेव्हांहि चार तासवाले मागेंच होते.

मौज पुढेंच आहे. पद्धत आवडली काय, असें विचारतां सर्वांत असमाधानी निघाले ते एक तासवालेच! त्यांचें तरी काय चुकलें? तास थोडे, पण दिवस अधिक. चार तासवाला सोबती त्यांच्या आधींच पुढें गेलेला दिसे.

१९७९ सालीं अमेरिकेंत शी व मॉर्गन यांनीं विद्यार्थ्यांना एक साधें काम दिलें. हातांतील टेनिसच्या चेंडूनें लांकडी अडथळे ठरल्या क्रमानें पाडावयाचे. असे क्रम तीन होते. एका गटानें एकेक क्रम पुरा घोटला; दुसऱ्याला तिन्ही मिसळून दिले. सरावांत पहिला गट भराभर पुढें गेला. दहा दिवसांनीं चाचणी घेतली, तों मिसळून शिकलेल्यांचा हात सरस! सरावाच्या दिवशींचा वेग पाहून गुण देणारे गुरुजी येथें साफ फसले असते.

याचें एक कारण असें सांगतात कीं, तोच क्रम लागोपाठ आला म्हणजे हात मागच्या खेपेची नुसती नक्कल करतो. क्रम बदलला कीं तो दर खेपेस मनांतून नव्यानें काढावा लागतो. म्हणजे सराव चालूं असतांनाच, विद्यार्थ्याच्या नकळत, त्याची परीक्षाहि चाललेली असते.