सातशे वीस तास: मुंबई मॅजिशियन्सचा संघ कसा मोडला

मोसम संपला की संघ कसा बांधायचा, कुणाला ठेवायचे, कुणासाठी पैसे मोजायचे, ही चर्चा आपल्याकडे क्रिकेटपुरतीच होते. पुण्याजवळच्या निगडीतला मुलगा आयपीएल लिलावातल्या बोल्या तोंडपाठ सांगेल. पण निगडीपासून काही किलोमीटरवर, नेहरूनगरात, मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे. डिसेंबर २०२१ मध्ये वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा तिथे झाली. हॉकी आपल्याला परकी नाही. म्हणूनच महाराष्ट्राच्या एका हॉकी संघाचे काय झाले, ते तारीखवार मांडायला हवे असे मला वाटते. मोजणी उलटी आहे. शून्य तास म्हणजे मंगळवार, १५ जानेवारी २०१३. हिशेब दिवसांवरून केला आहे.

८८८ तास आधी: रविवार, ९ डिसेंबर २०१२

मेलबर्नमध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीतल्या कांस्यपदकाच्या सामन्यात पाकिस्तानने भारताला ३-२ ने हरवले. आठवडाभरावर हॉकी इंडिया लीगचा पहिला लिलाव आला होता. संघ उभे करणाऱ्यांनी ही स्पर्धा बारकाईने पाहिली असणार. पाकिस्तानी खेळाडू तेव्हा फॉर्मात होते आणि युरोपातल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या बड्या नावांच्या मानाने परवडणारे होते. नुसत्या मैदानावरच्या हिशेबाने त्यांच्यावर बोली लावणे शहाणपणाचेच होते.

७२० तास आधी: रविवार, १६ डिसेंबर २०१२

लिलाव दिल्लीत झाला. संघ पाच: दिल्ली, पंजाब, रांची, उत्तर प्रदेश आणि मुंबई. प्रत्येक संघात २४ खेळाडू, त्यात १४ भारतीय आणि १० परदेशी. सरदार सिंगला दिल्लीने ७८,००० डॉलरना घेतले आणि तो सगळ्यांत महाग ठरला. मुंबई मॅजिशियन्सने संदीप सिंगसाठी ६४,४०० डॉलर मोजले.

संदीपवर पैसे ओतण्यामागचे गणित सरळ होते. पेनल्टी कॉर्नर मिळाला की त्याची ड्रॅग-फ्लिक म्हणजे जवळपास हमखास धोका. पण कॉर्नर आपसूक मिळत नाही. मधल्या फळीने चेंडू हिसकावायचा, पुढे न्यायचा, प्रतिस्पर्ध्याच्या डी मध्ये घुसून चूक करायला लावायची, तेव्हा कुठे कॉर्नर पदरात पडतो. मुंबईने चार पाकिस्तानी खेळाडू घेतले: रशीद महमूद, फरीद अहमद, मुहम्मद तौसीक आणि गोलरक्षक इम्रान बट. रशीद आणि तौसीक मधल्या फळीतले. म्हणजे भारतीय ड्रॅग-फ्लिकरच्या मागे जी यंत्रणा लागते, तिचा मोठा वाटा या चौघांवर टाकलेला होता.

प्रशिक्षक होते रिक चार्ल्सवर्थ. ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाला १९९६ आणि २००० ची ऑलिंपिक सुवर्णपदके आणि पुरुष संघाला २०१० चा विश्वचषक मिळवून देणारा हा माणूस. तो विश्वचषक त्यांनी दिल्लीतच जिंकला होता. संघ घडवण्याच्या कामात जगात त्यांच्या तोडीचे फार थोडे लोक होते.

संपूर्ण लीगमध्ये पाकिस्तानी खेळाडू नऊ. त्यातले चार एकट्या मुंबईच्या वाट्याला. माझ्या मते या संघाचा घात इथेच झाला. एखाद्या संघाने एका देशाचे दोन खेळाडू घेतले आणि ते ऐनवेळी आले नाहीत, तर प्रशिक्षक जुळवाजुळव करू शकतो. चार गेले तर परदेशी खेळाडूंच्या दहा जागांतल्या चार रिकाम्या होतात. आणि हा संघ घरचे सामने खेळणार होता चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर.

पाकिस्तानी खेळाडूंना होणाऱ्या विरोधाचा मुंबईचा पूर्वेतिहास कुणापासून लपलेला नव्हता. १९९१ मध्ये शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली होती. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटलावर तेच घडले. २६/११ नंतर वातावरण आणखी बदलले. १९ जानेवारी २०१० च्या आयपीएल लिलावात अकरा पाकिस्तानी क्रिकेटपटूंवर एकाही संघाने बोली लावली नाही. हॉकीच्या लिलावाच्या महिनाभर आधी, १७ नोव्हेंबर २०१२ ला, बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले होते आणि शिवसेना नव्या नेतृत्वाखाली आपली भूमिका ठासून मांडण्याच्या मनःस्थितीत होती. हे सगळे वर्तमानपत्रात रोज छापून येत होते.

५०४ तास आधी: मंगळवार, २५ डिसेंबर

पाकिस्तानचा क्रिकेट संघ भारतात खेळू लागला. टी-ट्वेंटी सामने बेंगळुरू आणि अहमदाबादला, एकदिवसीय सामने चेन्नई, कोलकाता आणि दिल्लीला. मुंबई नाही, पुणे नाही, नागपूरही नाही. दौऱ्याला शिवसेनेचा उघड विरोध होता आणि महाराष्ट्रात एकही सामना ठेवलेला नव्हता. ज्याला हॉकीचे वेळापत्रक आखायचे होते, त्याला क्रिकेटच्या या कागदावर एक नजर टाकली तरी पुरले असते.

४५६ तास आधी: गुरुवार, २७ डिसेंबर

दोह्यात आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला ५-४ ने हरवले. मुंबईची खरेदी त्या दिवशी आणखीच चोख दिसत होती.

१६८ तास आधी: मंगळवार, ८ जानेवारी २०१३

जम्मू-काश्मीरच्या पूंछ भागात, मेंढर परिसरात, नियंत्रण रेषेवर लान्स नाईक हेमराज आणि लान्स नाईक सुधाकर सिंग मारले गेले. मृतदेहाच्या विटंबनेची बातमी आली आणि देशभर संताप उसळला. तो संताप समजण्यासारखा होता. मथुरा जिल्ह्यातल्या आपल्या घरी हेमराज यांचे शीर मिळावे म्हणून त्यांची आई आणि पत्नी उपोषणाला बसल्या होत्या, त्यापुढे हॉकी फारच लहान गोष्ट होती.

पण आठवडा हातात होता. लीगला, संघाला, दोन्ही देशांच्या हॉकी संघटनांना बसून ठरवता आले असते: हे चौघे काही सामने बाहेर बसतील का, इतर संघांशी अदलाबदल होईल का, राखीव परदेशी खेळाडू कुठून आणायचे. सराव मात्र ठरल्याप्रमाणे मुंबईत चालू राहिला.

४८ तास आधी: रविवार, १३ जानेवारी

शिवसैनिक महिंद्रा स्टेडियमवर धडकले. पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवा, अशा घोषणा झाल्या. संघाचा सराव बंद पडला, पोलिसांना मध्ये पडावे लागले.

याच स्टेडियमवर नऊ महिन्यांपूर्वी, २ एप्रिल २०१२ ला, वर्ल्ड सिरीज हॉकीच्या अंतिम सामन्यात आपले पुणे स्ट्रायकर्स शेर-ए-पंजाबकडून ५-२ ने हरले होते. ती स्पर्धा हॉकी इंडियाची नव्हती, विरोधी गटाची होती, आणि तिचा दुसरा मोसम कधी झालाच नाही. पुण्याचा संघ तिच्याबरोबर संपला. म्हणजे वर्षभराच्या आत महाराष्ट्राचा आणखी एक व्यावसायिक हॉकी संघ संकटात सापडला होता. सैनिकांच्या मृत्यूचा राग मला मान्य आहे. सराव करणाऱ्या गोलरक्षकावर तो काढणे मला मान्य नाही, तेव्हाही नव्हते.

२४ तास आधी: सोमवार, १४ जानेवारी

मुंबईचे घरचे सामने दिल्लीला हलवण्याचा निर्णय झाला. संध्याकाळी दिल्लीच्या ध्यानचंद स्टेडियमवर लीग सुरू झाली आणि दिल्लीने पंजाबला २-१ ने हरवले. टीव्हीवर रोषणाई होती. मुंबईच्या खेळाडूंना मात्र आपण कोणत्या शहरात, कोणाबरोबर खेळणार आहोत हेच कळत नव्हते. संघबांधणीत जोड्या जमायला आठवडे लागतात. कोण कोणाला पास देतो, कोण मागे थांबतो, गोलरक्षक कोणाच्या हाकेवर पुढे येतो, हे सरावातच बसते. तोच सराव गेला होता.

शून्य तास: मंगळवार, १५ जानेवारी

हॉकी इंडियाचे सरचिटणीस नरिंदर बत्रा यांनी जाहीर केले की नऊही पाकिस्तानी खेळाडू परत जातील. पाकिस्तानच्या हॉकी संघटनेशी बोलून निर्णय घेतल्याचे सांगण्यात आले. इतर संघांचे मिळून पाच खेळाडू गेले. एकट्या मुंबईचे चार. चार्ल्सवर्थ यांनी लिलावात ज्या संघाला धरून आखणी केली होती, तो संघ एकदाही पूर्ण उभा राहिला नाही.

त्यानंतर

त्याच महिन्याअखेर महिलांचा क्रिकेट विश्वचषक सुरू झाला. पाकिस्तानच्या महिला संघाचे सामने मुंबईऐवजी कटकला गेले. क्रिकेटला दुसरे शहर सापडले, हॉकीतल्या मुंबई संघाला दुसरी मधली फळी सापडली नाही.

१० फेब्रुवारीला अंतिम सामन्यात रांची ऱ्हायनोजने दिल्लीला २-१ ने हरवून पहिले विजेतेपद घेतले. मोसमात सर्वाधिक गोल कुणाचे? संदीप सिंगचे, ११. त्याचा संघ कितवा? पाचांत पाचवा. ६४,४०० डॉलरची खरेदी शंभर टक्के वसूल झाली होती, आणि तरीही संघ तळाला होता. माझ्या दृष्टीने संपूर्ण घटनाक्रमातली सर्वांत बोलकी आकडेवारी हीच. महागडा फ्लिकर आपले काम चोख करत होता. त्याच्या मागची फळी तुटलेली होती.

त्यानंतरच्या कोणत्याही लिलावात पाकिस्तानी खेळाडू नव्हते. मुंबई मॅजिशियन्स २०१४ चा मोसम खेळून गेले. २०१५ पासून दबंग मुंबई आली आणि २०१७ मध्ये अंतिम फेरीत कलिंग लान्सर्सकडून हरली. मग लीगच सात वर्षे थांबली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते: दिल्ली, हैदराबाद, ओडिशा, बंगाल, पंजाब-हरियाणाचा सूरमा, तमिळनाडू, विशाखापट्टणम आणि उत्तर प्रदेश. महाराष्ट्राचा एकही नाही. नेहरूनगरच्या टर्फवर घाम गाळणाऱ्या मुलाचे लिलावात नाव आले, तरी त्याला दुसऱ्या राज्याचीच जर्सी घालावी लागेल.