कोडमध्ये मराठी तारीख: ५ एप्रिलची ४ मे कशी होते?

समजा, एकलहऱ्यात बसून तुम्ही वीजबिलाची आठवण करून देणारं ॲप लिहिताय. बिलाची शेवटची तारीख ०५/०४/२०२६, म्हणजे आपली ५ एप्रिल. इंग्रजी अंकांत हीच तारीख जावास्क्रिप्टच्या 'न्यू डेट'ला दिली, की ते अमेरिकन पद्धतीने ४ मे धरतं. एररही येत नाही! आठवण येईपर्यंत विलंब आकार लागलेला. १३/०४ दिलं तर निदान 'इनव्हॅलिड डेट' दिसतं. खरा धोका १ ते १२ तारखांचा.

म्हणून तारीख साठवताना आयएसओ ८६०१ वापरा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २०२६-०४-०५.

दाखवताना 'टू-लोकेल-डेट-स्ट्रिंग'ला 'एमआर-आयएन' लोकेल द्या. ५/४/२०२६ असं थेट देवनागरी अंकांत येतं. (हिंदीचा 'एचआय-आयएन' मात्र इंग्रजी अंक देतो.) मराठीतही इंग्रजी अंक हवेत? 'न्यूमरिंग-सिस्टीम'मध्ये 'एलएटीएन' लिहा. बिलासाठी 'डेट-स्टाइल' 'लाँग' सगळ्यात बरी, कारण महिना अक्षरांत येतो.

फक्त ही दाखवलेली तारीख पुन्हा कोडला वाचायला देऊ नका. देवनागरी २०२६ ला जावास्क्रिप्टचं 'नंबर' 'नॅन' म्हणतं. पायथनचं 'इंट' मात्र ते बिनतक्रार वाचतं.