देवडीपासून भिंतीतल्या तारेपर्यंत

दाराशी आलेल्या माणसाला आत घ्यावे की नाही, हा प्रश्न घराइतकाच जुना आहे. इतिहास बहुधा दाराच्या आत बसणाऱ्यांचा लिहिला गेला. दार राखणाऱ्यांचा लिहावयाचा राहून गेला. त्यातले चार शब्द मांडावे, एवढाच आमचा हेतू आहे.

गंगावेस, रंकाळा वेस, वरुणतीर्थ वेस या नावांतून जुन्या करवीरच्या वेशी आजही बोलतात. वेशीच्या आत वाडा आणि वाड्याला देवडी. मोठा दरवाजा एरवी बंदच असे. त्यातल्या दिंडीतून माणूस वाकून आत येई. तत्पूर्वी देवडीवरचा पहारेकरी त्याचे नाव-गाव विचारी, आत वर्दी देई आणि हुकूम मिळाल्यावर अडसर काढी. ओळखणे, कळवणे आणि उघडणे ही तिन्ही कामे एकच माणूस करीत असे.

ती कामे पुढे तारेने उचलली. १८३१ साली अमेरिकेत जोसेफ हेन्री याने लांबलचक तारेच्या टोकाशी विद्युच्चुंबकाने घंटा वाजवून दाखविली. १८७६ साली बेलचा टेलिफोन आला, आणि १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे उघडली. पुढे विजेच्या कुलपाची जोड मिळाली, तेव्हा देवडीची तिन्ही कामे भिंतीत शिरली. यालाच आपण इंटरकॉम म्हणतो.

आपल्याकडे त्याची गरज भासली ती सदनिकांमुळे. १९६३ साली महाराष्ट्रात मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. पुढे राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क या भागांत बंगल्यांच्या जागी मजले चढले. एका दारामागे वीस बिऱ्हाडे आली आणि ‘कोण आहे?’ हा प्रश्न वीस ठिकाणी पोहोचवावा लागला.

हे काम दिसते तितके सोपे नाही. जुन्या पद्धतीत चार तारा सर्वांच्या सामाईक आणि प्रत्येक घराच्या घंटीसाठी एक स्वतंत्र. म्हणजे वीस घरांना २४ तारा. यांतली एक जरी उलटसुलट जोडली, तरी पाहुणा दुसऱ्याच्याच घरची घंटा वाजवितो. नव्या पद्धतीत प्रत्येक घराला सांकेतिक क्रमांक देऊन दोनच तारांवर काम भागते. परंतु तारा कितीही असोत, घरच्या विजेच्या नळीतून त्या ओढू नयेत. आवाजात घरघर येते आणि आवरण फाटल्यास १२ व्होल्टच्या जागी २३० व्होल्ट हातात येतात. चुंबकी कुलूप वीज गेली की उघडते, खटक्याचे बहुधा बंदच राहते. म्हणून आतून हाताने दार उघडण्याची सोय हवीच. आणि कोल्हापुरास आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे. २०१९ व २०२१ साली पंचगंगेचे पाणी सखल वस्त्यांत शिरले. वीजपुरवठ्याची पेटी तळमजल्यावर बसविणे म्हणजे ती नदीच्या स्वाधीन करणे होय.

यंत्राने माणूस हटविला, असे सर्रास म्हटले जाते. आम्हांस ते पटत नाही. पहारेकरी गेला नाही. तो फाटकापाशी खुर्ची टाकून बसला. त्याच्यासाठी १९८१ साली महाराष्ट्राने खासगी सुरक्षा रक्षकांचा कायदा केला. त्यापूर्वी १९६९ साली माथाडी कामगारांनी आपला कायदा मिळविलाच होता. तार ओढणारा वायरमन मात्र मधल्यामध्ये राहिला. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस कामाची अट घातली. पण ज्याचे काम एका इमारतीत चार दिवस आणि दुसरीत तीन दिवस, त्याला ९० दिवसांचा दाखला द्यावयाचा कोणी? ठेकेदार बदलतो, सही राहून जाते आणि शिडीवरून पडलेल्या माणसाची कोठेच नोंद सापडत नाही.

म्हणून गृहसंस्थांच्या चालकांना आमची विनंती आहे. इंटरकॉम बसविताना तीन गोष्टी मागून घ्या: तारांचा नकाशा, काम करणाऱ्याच्या प्रमाणपत्राची प्रत, आणि त्याने किती दिवस काम केले याची सही-शिक्क्यानिशी नोंद. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत. तिसरी त्याच्या उपयोगाची आहे, आणि तिला तुमचा एक पैसाही लागत नाही.