दिनविशेष : ५ जानेवारी

१७६२ : संगीतकार मोझार्ट यांच्या पत्नी कॉन्स्टान्झ यांचा जर्मनीतील झेल येथे जन्म. त्यांचे माहेरचे वेबर घराणे गाणाऱ्यांचे. थोरली बहीण योसेफा मोझार्ट यांच्या ‘द मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातली पहिली ‘रात्रीची राणी’. मोझार्ट यांचे मन आधी जडले होते दुसऱ्या बहिणीवर, अलॉयसियावर. लग्न झाले कॉन्स्टान्झशी, १७८२ मध्ये व्हिएन्नात. सहा मुलांपैकी कार्ल आणि फ्रान्झ हे दोघेच जगले. १७९१ मध्ये मोझार्ट गेले तेव्हा फ्रान्झ पाच महिन्यांचाही नव्हता, वर डोक्यावर कर्ज. पण कॉन्स्टान्झ खमक्या. मोझार्ट यांचे अर्धवट राहिलेले ‘रिक्विएम’ त्यांनी संगीतकार झ्युसमायरकडून पुरे करून घेतले, मैफली भरवल्या, हस्तलिखिते प्रकाशकाला विकली. १८०९ मध्ये डॅनिश मुत्सद्दी निसेन यांच्याशी पुनर्विवाह. निसेन यांनी लिहायला घेतलेले मोझार्टचरित्र त्यांच्या पश्चात कॉन्स्टान्झनीच प्रसिद्ध केले. ६ मार्च १८४२ रोजी साल्झबर्ग येथे निधन.