बायोमार्कर (पर्यावरणीय विषसंपर्काचे)

माणसाच्या शरीरात पर्यावरणातील विष किती शिरले हे दाखवणारी मोजता येण्याजोगी खूण. रक्त, लघवी, केस, नखे, दात किंवा अंगावरचे दूध यांत सापडणारे मूळ विष, शरीरात त्याचे रूपांतर होऊन बनलेले द्रव्य किंवा त्याने पेशींत घडवलेला बदल, यांपैकी काहीही बायोमार्कर ठरू शकते.

हवा, पाणी, अन्न तपासून विष बाहेर किती आहे ते समजते. एकाच गल्लीतले एक मूल माती तोंडात घालते, दुसरे घालत नाही. हवामापक यंत्राला हा फरक कळत नाही, रक्तात तो उतरतो. संपर्काचे, परिणामाचे आणि व्यक्तीच्या संवेदनक्षमतेचे असे बायोमार्करचे तीन प्रकार मानतात. प्रत्यक्षात पहिले दोन एकमेकांत बरेच मिसळलेले असतात.

कोणता नमुना घ्यायचा हे विष शरीरात किती काळ टिकते यावर ठरते. प्लास्टिकमधील बिस्फेनॉल-ए काही तासांत लघवीवाटे निघून जाते. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर किती घेतला हे सांगणारे कोटिनिन दोन-चार दिवस सापडते. शिशाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला महिनाभर लागतो, हाडांतले मात्र दशकानुदशके राहते. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो, म्हणून लांब केस तारीखवार नोंदवहीसारखा वाचता येतो. इराकमध्ये १९७१-७२ साली मिथिलपारा चोळलेले बियाण्याचे गहू लोकांनी दळून खाल्ले. तेव्हा बाळंतिणींच्या केसांचे बारीक तुकडे तपासून, गर्भारपणाच्या कोणत्या महिन्यात किती पारा पोटात गेला याचा अंदाज बांधण्यात आला.

असाच, पण अधिक विलक्षण पुरावा जपानमधील मिनामाताचा. तेथील पाऱ्याच्या विषबाधेतून झालेल्या विकाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. जन्मतःच बाधित मुलांच्या बाबतीत प्रश्न उरला, तो त्यांच्या जन्मावेळचा पारा वर्षे उलटल्यावर मोजायचा कसा. बाळाची नाळ वाळवून डबीत जपण्याची जपानी घरांतील रीत येथे कामी आली. मासाझुमी हाराडा यांनी अशा नाळा गोळा केल्या आणि त्यांतला मिथिलपारा तपासला गेला. हा पारा सोडणाऱ्या तेथील कारखान्यातील ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन जसे वाढले, तसा नाळांतला पाराही वाढलेला दिसला.

धोरण बदलण्यात सर्वांत मोठा वाटा शिशाचा. हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनलगतच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवले. विषबाधेचे कसलेही लक्षण नसताना, दातांत शिसे जास्त असलेली मुले बुद्धिमापनात आणि वर्गातील वागण्यात मागे असल्याचे त्यांनी १९७९ मध्ये दाखवले. त्याच सुमारास, १९७६ ते १९८० या काळात, अमेरिकनांच्या रक्तातील सरासरी शिसे एक तृतीयांशाहून अधिक घटले, आणि ही घट पेट्रोलमधील शिशाच्या घटत्या वापराशी जवळजवळ समांतर होती. मुलांच्या रक्तातील चिंताजनक पातळी अमेरिकेत १९६० च्या दशकात दर डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅम मानत. २०२१ पासून कारवाईसाठीचा संदर्भ-आकडा ३.५ आहे. भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये महानगरांपासून सुरू झाले आणि २००० साली देशभर लागू झाले.

काही विषे शरीरात शिरताच प्रक्रिया होऊन नाहीशी होतात. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेतील मिथिल आयसोसायनेट त्यांपैकी एक. तरीही पीडितांच्या रक्तात, हिमोग्लोबिन साखळीच्या टोकाच्या व्हॅलिनला त्याचा अंश चिकटलेला सापडला. वायू रक्तापर्यंत पोहोचल्याची ही खूण होती; फुप्फुसापलीकडच्या तक्रारींकडे पाहताना ती महत्त्वाची ठरते.

बायोमार्कर विष कुठून आले हे सहसा सांगत नाही, आणि कधी फसवतोही. मासे-कोळंबी खाल्ल्यावर लघवीतले एकूण आर्सेनिक वाढते, पण ते बहुतांशी निरुपद्रवी सेंद्रिय आर्सेनिक असते. म्हणून प्रकार वेगळे करून मोजावे लागतात. पाणी भरपूर पिणाऱ्याची लघवी पातळ असते, त्यामुळे आकडा क्रिएटिनिनच्या प्रमाणात मांडतात. बेंझिनसाठी तपासले जाणारे म्युकोनिक आम्ल खाद्यपदार्थांतील सॉर्बेट या परिरक्षकामुळेही वाढते.

फवारणी करणाऱ्यांसाठी महत्त्वाची चाचणी म्हणजे रक्तातील कोलिनएस्टरेज. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके हे एंझाइम दडपतात. मात्र त्याची निरोगी पातळी माणसागणिक बरीच वेगळी असते, त्यामुळे हंगामापूर्वीची स्वतःची नोंद हाताशी नसेल तर मध्यम घट लक्षातच येत नाही. कॅलिफोर्नियात कामगारांची अशी तपासणी १९७४ पासून चालते. भारताच्या १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही ऑर्गनोफॉस्फेट हाताळणाऱ्यांसाठी दरमहा कोलिनएस्टरेज मोजण्याची तरतूद आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पंप पाठीवर घेऊन रोजंदारीवर शेतोशेत फिरणाऱ्या अशा मजुराकडे, दवाखान्यात पोहोचल्यावर तुलना करायला आधीचा आकडा क्वचितच असतो.