लाळ्या-खुरकूत : बेट, डोंगर आणि गुरांचा बाजार

१.
डिसेंबर १९३६. फैजपूर येथे काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिळकनगर उभारले, नंदलाल बोस यांनी ते सजवले आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बैलजोड्यांच्या रथातून मिरवत आले. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम याच अधिवेशनात संमत झाला. मात्र ज्या बैलांवर ही सारी शेती उभी होती, त्यांच्या आजारांचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

२.
त्या काळी गोठ्याला दोन मोठी भये होती : बुळकांडी आणि लाळ्या-खुरकूत. बुळकांडी दावणीच्या दावणी रिकाम्या करी. लाळ्या-खुरकूत सहसा मोठ्या जनावराचा जीव घेत नसे, पण त्याला कामातून उठवी. आज बुळकांडी पृथ्वीवर कोठेही उरलेली नाही. लाळ्या-खुरकूत मात्र अजून येतो. माणसाने मारक रोग संपवला आणि त्यामानाने सौम्य रोग टिकून राहिला, असे का व्हावे?

३.
रोगाचे नावच त्याची लक्षणे सांगते. ताप येतो, जिभेवर व हिरड्यांवर फोड उठतात, लाळेच्या तारा लोंबतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात. जनावर चारा सोडते, लंगडते. दुभती गाय आटते. ऐन पेरणीत बैल बसला की त्या घराचा हंगाम गेला. वासरांच्या हृदयावर आघात झाला, तर ती अचानक दगावतात.

४.
१८९८ साली जर्मनीत फ्रीडरिश लोफ्लर आणि पॉल फ्रोश यांनी या फोडांतील द्रव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. गाळलेल्या द्रवानेही वासरे आजारी पडली. तो एका जनावरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात दिला, तरी त्याचा प्रभाव ओसरला नाही. म्हणजे ते निव्वळ विष नव्हते. शरीरात वाढणारे, जिवाणूहूनही सूक्ष्म असे काही होते. प्राण्यांना रोग देणाऱ्या विषाणूची ही पहिली ओळख. विषाणुशास्त्राचा एक दरवाजा असा गोठ्यातून उघडला.

५.
पण रोगाचा अभ्यास करता करता तो आसपासच्या गोठ्यांत पसरण्याचा धोका होता. म्हणून १९१० मध्ये लोफ्लर यांचे संशोधन बाल्टिक समुद्रातील रीम्स बेटावर हलवण्यात आले. या रोगाला आवर घालायचा, तर चहूबाजूंनी पाणी हवे, हे शास्त्रज्ञांना कळून चुकले होते.

६.
आपल्याकडेही हेच घडले होते, तेही आधी. १८८९ साली पुण्यात, विज्ञान महाविद्यालयाच्या आवारात, ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. गजबजलेल्या शहरात सांसर्गिक रोगांवर प्रयोग करणे जोखमीचे होते. म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे गेली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे मूळ असे पुण्यात आहे.

७.
मुक्तेश्वरचा मुख्य शत्रू होता बुळकांडी. १९२०च्या दशकाच्या अखेरीस जे. टी. एडवर्ड्स यांनी तिचा विषाणू शेळ्यांमध्ये वाढवत वाढवत गुरांसाठी सौम्य केला आणि त्यातून लस मिळाली. १९५४ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली. १९९५ नंतर भारतात बुळकांडीची साथ आली नाही आणि २०११ मध्ये अवघे जग या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर निर्मूलन झालेला हा दुसराच रोग.

८.
हे साधले, कारण बुळकांडीचा विषाणू एका अर्थी सरळ होता. त्याचा प्रकार एकच. एकदा लस टोचली की संरक्षण दीर्घकाळ टिके. बरे झालेले जनावर रोग बाळगत नसे.
लाळ्या-खुरकूत याच्या नेमका उलट. त्याचे सात प्रकार. भारतात आढळणारे मुख्य तीन : ओ, ए आणि एशिया-१. एका प्रकाराची प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून वाचवत नाही. लसीचे संरक्षण काही महिन्यांचेच. बरे झालेल्या गुराच्या घशात विषाणू दीर्घकाळ राहू शकतो. आणि सर्वांत घातक गोष्ट ही, की लक्षणे दिसण्यापूर्वीच जनावर रोग पसरवू लागते.

९.
फैजपूरचे अधिवेशन भरले, तेव्हा या रोगावर शेतकऱ्याच्या हाती देता येईल अशी लस जगात नव्हती. १९३८च्या सुमारास रीम्स बेटावर वाल्डमान आणि कोबे यांनी ती तयार केली. पुढे हॉलंडमध्ये फ्रेंकेल यांनी कत्तलखान्यातील गुरांच्या जिभेच्या आवरणावर विषाणू वाढवून दाखवला, तेव्हा मोठ्या प्रमाणावर उत्पादन शक्य झाले. १९६०च्या दशकात हॅमस्टरच्या मूत्रपिंडातील पेशींनी ते काम अधिक सोपे केले.

१०.
भारतात १९६८ पासून या रोगाचा समन्वित अभ्यास सुरू झाला. साथीतले नमुने तपासून कोणता प्रकार फिरतो आहे आणि लस त्याला जुळते की नाही हे पाहावे लागते. ते काम आता भुवनेश्वरच्या राष्ट्रीय संस्थेत चालते. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेतून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला : वर्षातून दोनदा लसीकरण, कानात बारा अंकी बिल्ला आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट.

११.
ऑगस्ट २०२२ मध्ये या इतिहासाने फैजपूरच्या शेजारी दार ठोठावले, तेही दुसऱ्याच विषाणूच्या रूपाने. महाराष्ट्रातील त्या वर्षीच्या लंपीच्या साथीची पहिली नोंद ४ ऑगस्टला रावेर तालुक्यातील चिनावल येथे झाली. पोळा त्याच महिन्यात होता. लंपीचा विषाणू देवीच्या कुळातला, मुख्यतः माश्या-डासांच्या चाव्यातून पसरणारा. लाळ्या-खुरकूताशी त्याचे नाते नाही. पण दूरच्या गावी पोहोचण्याची वाट दोघांचीही एकच : गुरांची ने-आण. शासनाला गुरांचे बाजार बंद करावे लागले. शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचून साथ आवरावी लागली.

१२.
संशोधकांनी या रोगांसाठी बेट शोधले, डोंगर शोधला. खानदेशातील शेतकऱ्याला तसा एकांत परवडणारा नाही. बैल घ्यायचा, गाय विकायची, तर बाजार हवाच. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पट्टा मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून आहे आणि गुरांना सीमा ठाऊक नसते. म्हणून बाजारातून आणलेले जनावर लगेच दावणीला न बांधता सुमारे तीन आठवडे वेगळे ठेवणे, हेच आपल्या आवाक्यातले बेट होय. आणि सहा महिन्यांनी पुन्हा टोचायला येणारा पशुवैद्यक आधीची लस फसली म्हणून येत नाही. या विषाणूचा स्वभावच तशी मागणी करतो, हे सव्वाशे वर्षांच्या संशोधनाने सांगितले आहे.